डाव्या शॉकअपच्या दोन खाचा

सुमन,

तू गेल्यावर डॉक्टरांना मी पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. आपली पोरगी अश्विनी भिंतीला टेकून रडत होती, थोरले दादा भावकीत फोन लावत होते, आणि मी त्या तरुण डॉक्टरला बाजूला घेऊन विचारत होतो, "साहेब, हिची पाठ दुखायची. आमी दोघं रोज मोटारसायकलवर जायचो. त्याचं तर काही नसेल?" त्याला आधी कळलंच नाही मी काय विचारतोय. मग म्हणाला, "काका, मेंदूत रक्तस्राव झाला. पाठीचा आणि ह्याचा काही संबंध नाही." मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि दुसऱ्या पेशंटकडे निघून गेला. तिसऱ्यांदा विचारायला माणूस उरला नाही, म्हणून हे तुला लिहितोय.

परवा तेरवी झाली. आलेला जो तो जाताना एकच सांगून गेला, बाई फार सोशिक होत्या. तू ऐकलं असतंस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. शाळेतल्या संडासाला कडी नाही हे तपासणीला आलेल्या साहेबांना पटत नव्हतं म्हणून जिनं त्यांनाच आत उभं केलं आणि बाहेरून पोरींना दार ढकलायला सांगितलं, ती बाई सोशिक! कडी दुसऱ्या दिवशी बसली. तू सोसणारी नव्हतीस. फक्त एका बाबतीत तू वाट बघितलीस, आणि ती माझी. तेवढं मात्र ह्या लोकांना माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मी गेले पंधरा दिवस ते कोणाला सांगू शकलेलो नाही.

सोळा वर्षं आपण एका गाडीवर गेलो. मी हट्ट्याच्या हायस्कुलात क्लार्क, तू हट्ट्याच्या पुढच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. सकाळी वसमतहून निघायचं, तुला तुझ्या शाळेच्या फाटकाशी सोडायचं आणि मी उलटं हट्ट्याला यायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. घरात आपण गॅस संपला, नळ आला एवढंच बोलायचो. खरं बोलणं गाडीवर व्हायचं. हेल्मेटमुळे मला निम्मं ऐकू यायचं नाही, तरी मी "हं" म्हणायचो, आणि तू पाठीत बोट खुपसून म्हणायचीस, "काय हं? सांगा बरं, मी काय म्हणलं?" रस्त्यातल्या खड्ड्यांना तू माझ्या नातेवाइकांची नावं दिली होतीस. कालव्याच्या पुलाआधीचा रुंद खड्डा म्हणजे नांदेडच्या आत्याबाई. त्यापुढचे लागोपाठ तीन म्हणजे माझे तिघं मावसभाऊ. "आत्याबाई आल्या, हळू," असा मागून आवाज यायचा आणि मी ब्रेक लावायचो. तुझ्या माहेरचा एकही खड्डा नव्हता. मी विचारलं तर म्हणालीस, "आमच्याकडचे रस्ते चांगले हायत."

हळद शिजवायच्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी शेतातून वाफ यायची. तो वास कपड्यांना बसायचा, आणि तुझी पहिलीची लेकरं तुझा पदर हुंगून बघायची. एकदा एका पोरीनं तुला विचारलं, "बाई, तुमचं रोज लगीन लागतं का?" ते तू हट्ट्यापासून वसमतपर्यंत मला तीनदा सांगितलंस आणि तीनदा तेवढंच हसलीस. माणूस मागं बसून हसत असला की गाडीला ते कळतं. हँडलमध्ये कळतं.

मग तुझी पाठ धरली. आधी नुसती संध्याकाळी, पुढं सकाळी उठतानाही. आपण नांदेडला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी बाहेर तुझी चप्पल आणि पिशवी सांभाळत बसलो होतो, आत तू एकटीच होतीस. परतताना एसटीत तू सांगितलंस, "एका अंगाला बसणं बंद करा म्हणले. रोज दोन टाइम कंबर पिळून निघती. दोन्हीकडं पाय टाकून बसा म्हणले."

मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "रस्ताच तसला आहे."

"रस्त्याचं न्हाई म्हणले. बसण्याचं म्हणले."

"गाडीचे शॉकअप पण गेलेत. ते आधी बघतो."

तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, मग पिशवीतून मोसंबी काढून सोललीस आणि निम्मी मला दिलीस. मी ती खाल्ली. आपला वाद तिथं सुरू झाला आणि तो आजवर संपलेला नाही.

शॉकअप गेले होते हे खोटं नव्हतं. मागचे दाबले की दाबले जायचे आणि वर यायचं विसरायचे. पुढच्या नळ्यांतून तेल गळत होतं, ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालायची. यंत्रातलं मला काही कळत नाही असं तू म्हणायचीस, ते बरोबरच होतं, पण त्या महिन्यात मी मोबाईलवर इतके व्हिडिओ पाहिले की जेवतानाही स्प्रिंग, तेल आणि गॅस ह्यांच्यावरच बोलायचो. तू म्हणालीस, "एवढा अभ्यास दहावीला केला असता तर कलेक्टर झाले असते."

स्टँडमागच्या केरबा मिस्त्रीची एक रीत आहे. स्प्रिंगला हात लावायच्या आधी तो त्या गाडीवर रोज बसणाऱ्या सगळ्यांना बोलावतो. नवरा, बायको, लेकरू, जे कोण असतील ते. त्यांना गाडीवर बसवतो, मागच्या चाकाच्या नटापासून सीटच्या कडेपर्यंत दोरा धरतो आणि दोऱ्याला गाठ मारतो. गाडी रिकामी असताना एक गाठ, माणसं बसल्यावर दुसरी. दोन गाठींत किती अंतर पडलं ते बघून स्प्रिंग किती आवळायची ते ठरवतो. मला म्हणाला, "गाडी थोडी बसली पायजे, भाऊसाहेब. आपल्याकडं जो तो कडक करून मागतो, मागं हळदीचं पोतं टाकायचं म्हणून. पोतं उतरलं की तीच गाडी माणसाला हाणती. उद्या बाईला घिऊन या."

मी तुला नेलं नाही. गॅरेजात चार माणसं उभी असतात, त्यांच्यासमोर तू गाडीवर चढणार, केरबा खाली वाकून दोरा धरणार, हे मला कसंतरीच वाटलं. मोंढ्यातल्या ओळखीच्या आडत्याकडून मी तुझ्या वजनाचं हळदीचं पोतं भरून घेतलं आणि मागच्या सीटवर बांधून केरबाकडे नेलं. केरबानं पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्या बाई हायत व्हय?" त्यानं विचारलं.

"वजन बराबर आहे," मी म्हणालो. "काट्यावर करून आणलंय."

त्यानं हसू गिळून दोरा धरला. ही गोष्ट तुझ्यापर्यंत पोचायला संध्याकाळ लागली नाही. "म्हंजे मी किती किलोची ते सगळ्या मोंढ्याला सांगून आलात?" म्हणून तू दोन दिवस अबोला धरलास. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात डबा देताना विचारलंस, "पोत्याचा पण भरू का?"

पण गाडी काय झाली म्हणून सांगू! पुढं नव्या स्प्रिंगा, जाड तेल, नवे सील. मागं गॅसचे शॉकअप, बाजूला लाल डबी असलेले. पूर्वी कालव्याच्या वळणावर मागचं चाक कंबर हलवायचं, ते आता रेघ आखल्यासारखं जायला लागलं. आत्याबाईंवरून गेलो तरी पोटातलं पाणी हलेना. हट्ट्याला स्टाफरूममध्ये मी पंधरा दिवस दुसरा विषय काढला नाही. शेवटी तुला विचारलं, कसं वाटतं? मला वाटलं होतं तू आता तरी कबूल करशील.

"गाडी भारी झाली," तू म्हणालीस. "पाठ माझी जुनीच हाय."

मी पुन्हा डोकं लावलं. पोतं सीटवर मधोमध बसलं होतं. तू मधोमध बसत नाहीस. तुझे दोन्ही पाय डावीकडं, म्हणजे भार डावीकडं, म्हणजे डावी स्प्रिंग जास्त कडक पाहिजे. एवढं सोपं गणित केरबाला सुचलं नाही ह्याचं मला नवल वाटलं. रविवारी अंगणात गाडी लावली आणि डाव्या शॉकअपची स्प्रिंग आवळायची कडी दोन खाचा वर चढवली. उजवी तशीच ठेवली. तू पायरीवर मेथी निवडत होतीस.

"काय करून राहिलात तुमी?"

"तुझ्यासाठीच करतोय."

"माझ्यासाठी करायचं तर..." एवढं बोललीस आणि थांबलीस. मी पान्याशी झटापट करत होतो. पुढं काय, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं म्हणून विचारलं नाही. हाताला ग्रीस, कपाळाला घाम, बायकोसाठी रविवार घालवणारा नवरा. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो, सुमन.

तीन-साडेतीन महिने आपण तशाच गाडीवर फिरलो. सरळ रस्त्यावर बरी चालायची, वळणावर मात्र मागून कोणीतरी बखोट धरून ओढल्यासारखी व्हायची. तू म्हणायचीस, गाडी लंगडती. मी म्हणायचो, रस्त्याला उतार आहे. एका शनिवारी सकाळची शाळा करून येताना मागून करकर आवाज यायला लागला, आणि आपण तसेच थेट केरबाकडे गेलो. ह्या वेळी तू मागं होतीसच. केरबानं खाली बसून दोन्ही शॉकअप पाहिले आणि मान वर न करता विचारलं, "हे कुनी केलं?"

मी छाती काढून माझं गणित सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "भाऊसाहेब, एक बैल पोटभर अन् एक उपाशी जुंपला तर औत सरळ चालंल का? दोन्ही शॉकअप एकाच दांड्याला धरून हायत. तुमी दांडा पिळून राहिलात." त्यानं डावी कडी दोन खाचा खाली आणली, दोन्हीकडं सारखी केली. मग फडक्याला हात पुसत, सहज, जेवलात का विचारावं तसं म्हणाला, "मालात काही खोट न्हाई. बाई एका अंगाला बसत्यात, त्याला स्प्रिंग काय करंल? बाईला म्हणा, दोन्हीकडं पाय टाकून बसा. सगळी तकलीफ जाईल."

 पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. केरबाही बघत होता. फार वेळ नसेल, पण माझ्यासाठी तो अजून संपलेला नाही. मी म्हणालो, "केरबा, टायरमधली हवा बघ बरं जरा."

घरी आल्यावर तू भांडलीस. इतकी वर्षं आपण भांडलो, पण त्या दिवशी तुझा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली.

"म्हणायला काय झालतं?"

"तुला बसायचं तर बस की. मी कधी नको म्हटलं?"

"नको न्हाई म्हणलं. बस बी न्हाई म्हणलं." तू पाण्याचा तांब्या खाली ठेवलास. "मला परवानगी नको हाय. मी उद्या बी बसन. पण मी एकटीच निर्लज्ज अन् तुमी गरीब बिचारे खाली मान घालून गाडी चालवणार, असं मला न्हाई पायजे. तुमी म्हणा. गल्लीत, दादांच्या समोर म्हणा. मंग बसते."

मी म्हणालो, "बघू."

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी तू ड्रेस घालून बाहेर आलीस. अश्विनीनं नांदेडहून आणलेल्या दोन ड्रेसांतला, गर्द हिरवा. गल्लीच्या तोंडाशी आपल्या देवळाची पायरी, पूजा आटोपून तिथं पेपर वाचत बसलेले दादा, त्यांच्याभोवती नेहमीचे तिघं-चौघं. थोरल्या भावासमोर मी जन्मात कधी आवाज केला नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत. तू आलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि उभी राहिलीस. मला आरशात तुझा चेहरा दिसत होता. तू केस जरा वेगळे बांधले होतेस. सगळी तयारी करून तू उभी होतीस आणि माझं एक वाक्य यायचं बाकी होतं.

मी म्हणालो, "बस लवकर. उशीर होतोय."

तू एका अंगाला बसलीस. जकात नाका मागं पडल्यावर माझ्या मनात आलं, आता रस्त्यावर कोणी नाही, गाडी थांबवून म्हणावं. पण जिथं कोणी नाही तिथं म्हणण्याला काही किंमत नव्हती, हे मलाही कळत होतं. त्या दिवशी हट्ट्यापर्यंत तू एकाही खड्ड्याचं नाव घेतलं नाहीस. दुसऱ्या दिवशी साडी नेसलीस.

पुढं महिनाभर तू एसटीनं गेलीस. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून उन्हात चालत शाळा. मी एकटाच गाडीवर जायचो, आणि तुझी एसटी मागून येऊन पुढं गेली की खिडक्यांमध्ये तुला शोधायचो. मग एका सकाळी तू गाडीजवळ येऊन उभी राहिलीस. "एसटीत पाठ बरी राहती," म्हणालीस, "पण बोलायला कुनी न्हाई." आणि बसलीस, नेहमीसारखी. मला इतका आनंद झाला की त्याची लाज आजही वाटते. वर तू सगळ्यांना सांगायचीस, आमच्या ह्यांनी माझ्यासाठी गाडीला नवे शॉकअप बसवले. केंद्रावरच्या बाकीच्या शिक्षिकांना सांगितलंस, माझ्या आत्याबाईंनाही सांगितलंस. तू ते खऱ्या अभिमानानं सांगत होतीस. चुकीच्या जागी का होईना, ह्या माणसानं जीव लावून काहीतरी केलं, एवढं तू माझ्या पदरात टाकलंस. मी त्याला लायक होतो की नाही हे तू बघितलं नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते आज मानतो.

आणि एक कबूल करायचं राहिलं. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या गल्लीत एक नर्स भाड्यानं राहायची. नवऱ्याच्या मागं दोन्हीकडं पाय टाकून बसायची. एकदा ती दोघं देवळासमोरून गेली, पायरीवर कोणीतरी त्या नवऱ्यावरून काहीतरी बोललं, आणि मी मोठ्यानं हसलो. दुसरं कोण हसलं ते आठवत नाही. मी हसलो ते आठवतं, कारण तू दारात सडा टाकत होतीस आणि हात थांबवून तू माझ्याकडे पाहिलंस. त्याच हसण्याला मी पुढं घाबरत राहिलो. जसा मी त्या माणसाला हसलो तसं मला कोणी हसू नये, एवढंच होतं सगळं. घराणं, देऊळ, रीतभात ही मी मागाहून गोळा केलेली कारणं. तुझी पाठ आणि माझं हसू होणं, ह्यात मी काय निवडलं ते तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

पाचव्या दिवशी केरबा भेटायला आला. बराच वेळ सतरंजीवर बसला. उठून अंगणात गेला आणि सवयीनं गाडीचं मागचं अंग दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. "भाऊसाहेब, आता एकट्याला ही कडक पडंल," म्हणाला. माझ्या उत्तराची वाट न बघता खिशातून पाना काढला आणि दोन्ही कड्या खाली उतरवल्या, दोन्हीकडं सारख्या. मी घरात निघून आलो. लोकांनी माझं सांत्वन पुष्कळ केलं, पण तू नाहीस हे मला कळलं ते त्या पान्याच्या आवाजानं.

आठव्या दिवशी अश्विनी तुझं कपाट आवरत होती. तो हिरवा ड्रेस तिनं घडी करायला घेतला आणि मला दिसलं की तो धुऊन धुऊन पार विटलाय. मी म्हणालो, "हा तर तिनं एकदाच घातला होता."

"न्हाई बाबा. आई नांदेडला माझ्याकडं आली की हाच घालायची." तिनं घडी तशीच मांडीवर ठेवली. "माझ्या स्कुटीवर मागं दोन्हीकडं पाय टाकून बसायची. सगळं नांदेड फिरलो आम्ही. म्हणायची, बघ, आता अजिबात दुखत न्हाई."

"मला काहून नाही सांगितलं मग?"

पोरगी माझ्याकडे बघेना. "म्हणायची, बाबांना सांगू नको. त्यांनी माझ्यासाठी एवढे शॉकअप बसवले. त्यांना वाईट वाटंल."

मला आधी राग आला, सुमन, खरंच सांगतो. आई-लेकींनी मिळून मला फसवलं असं वाटलं. मग तू डोळ्यांसमोर आलीस, नांदेडच्या गर्दीत स्कुटीवर ताठ बसलेली, वारा खात, पाठ न दुखता. ते मला कधीच बघायला मिळालं नाही. माझ्याच बायकोचं एक सुख मला लेकीच्या तोंडून ऐकावं लागलं. आणि तू माझा भित्रेपणा झाकलास तो लोकांपासूनच नव्हे, माझ्यापासूनही झाकलास. मी तो ड्रेस हातात घेऊन बसलो आणि पोरीसमोर रडलो. तिनं मला रडू दिलं. तुझ्यासारखीच आहे ती, वेळ कळते तिला.

आज सकाळी तुझ्या शाळेतलं सामान आणायला जायचं होतं. तुझा डबा, चष्मा, एक जुनी छत्री, हेडमास्तरांनी बांधून ठेवलंय म्हणून फोन आला होता. मी गाडी गल्लीत काढली. पायरीवर दादा पेपर वाचत होते, नेहमीची माणसं होती. अश्विनी साधा ड्रेस घालून आली. एरवी ती कोणाला भीत नाही, पण तेरवीला दोनच दिवस झालेले, समोर मोठी माणसं. तिनं त्यांचं मन राखायचं ठरवलेलं दिसलं. ओढणी आवरून ती एका अंगाला बसायला लागली.

मी म्हणालो, "अश्विनी, दोन्हीकडं पाय टाकून बस."

आवाज नको तेवढा मोठा निघाला आणि मध्येच फाटला. पायरीवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.  दादांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, अश्विनीकडे पाहिलं.

"बराबर आहे," ते म्हणाले. "एका अंगाला बसून पाठ जाते माणसाची. सुमनला काहून नाही सांगितलंस कधी?"

टोमणा नव्हता तो. दादांना टोमणा मारता येत नाही. त्यांनी खरंच विचारलं होतं, आणि मग ते पुन्हा पेपरात गेले. अश्विनी दोन्हीकडं पाय टाकून बसली. मी गाडी गिअरमध्ये घातली आणि देवळासमोरून हळू नेली, मुद्दाम हळू, कान मागं ठेवून. गल्ली संपली, सुमन, आणि कोणीही हसलं नाही.